एका मिनिटाचा उतार

पहाटे साडेपाचला सांगली जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावात, कॉलेजच्या ग्राउंडवर उजेड नसतो. नुसता आवाज असतो. मुरमावर पडणाऱ्या चाळीस-पन्नास जोड बुटांचा, मधूनच शिट्टीचा, आणि "हात सोड, हात! खांदे कशाला आवळलेस?" असं ओरडणाऱ्या सरांचा. ही सगळी पोलीस भरतीची पोरं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. ग्राउंडचे ५० गुण, लेखीचे १००. महाराष्ट्रातल्या कुठल्याही रस्त्यानं पहाटे एसटीनं जा, डांबरी कडेनं पळणारी अशी रांग दिसतेच.

शरीर कमावलं की मनावरचा ताण पेलता येतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. तालमीतले वस्ताद सांगतात, पीटीचे सर सांगतात, हल्ली मोबाइलवरच्या जाहिरातीही सांगतात. त्यात खरं किती, हे बघायला मी या ग्राउंडवर आलो होतो. कारण सरळ होतं. धडधाकट शरीर आणि प्रचंड ताण या दोन गोष्टी एकाच माणसात बघायच्या तर भरतीच्या पोरांइतकी चांगली जागा नाही. वय निघून चाललेलं, घरच्यांची आशा, जागा मोजक्या आणि अर्ज लाखांनी.

माझ्या खिशात ऑक्सिमीटर होता. करोनात घेतलेला, नंतर औषधांच्या डब्यात पडून राहिलेला. तेव्हा सगळे ऑक्सिजनचा आकडा बघायचे. मला त्याच्या शेजारचा, नाडीचा आकडा हवा होता.

बावीस वर्षांची एक मुलगी ८०० मीटर पळून आली. तिची ही तिसरी भरती. बोट पुसून तिनं चिमट्यात घातलं. १८१. "बोलू नकोस, नुसती उभी राहा," मी म्हणालो. घड्याळावर एक मिनिट मोजलं. १३८. मग पोरांनी आग्रह केला म्हणून मीही एक फेरी मारली, पळत कमी आणि फरफटत जास्त. १५२. मिनिटभरानं १४३.

तिनं माझ्या बोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमचं उतरतच नाही की!"

या लेखाला जे काही सांगायचंय ते तिनं तिथंच सांगून टाकलं होतं. मला ते कळायला चार महिने आणि बरेच शोधनिबंध लागले.

ताण म्हणजे शरीरात नेमकं काय होतं, याची पहिली नीट मांडणी हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी केली. १९१५ साली त्यांचं वेदना, भूक, भीती आणि संताप यांत शरीर कसं बदलतं यावरचं पुस्तक आलं. समोर संकट दिसलं की मज्जातंतूंमधून क्षणात निरोप सुटतो, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात, हृदय जोरात चालतं, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. लढा किंवा पळा. मराठीत हे सगळं आधीपासून आहेच: छातीत धडधडलं, पोटात गोळा आला, दरदरून घाम फुटला. आपल्या वाक्प्रचारांनी शरीरशास्त्राचं काम बरंचसं करून ठेवलंय.

दुसरा रस्ता हळू आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीकडे आणि तिथून रक्तावाटे पुन्हा त्याच अधिवृक्क ग्रंथींकडे निरोप जातो आणि कॉर्टिसॉल सुटतं. त्याला काही मिनिटं लागतात, आणि संकट संपल्यावरही ते बराच वेळ रक्तात रेंगाळतं. भांडण दहा मिनिटांत मिटतं. अंग मात्र तासभर तापलेलं राहतं ते यामुळे.

या रस्त्याची ओळख जगाला मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी करून दिली. १९३६ साली 'नेचर'मध्ये त्यांचं जेमतेम पानभराचं पत्र छापून आलं. उंदरांना कशानंही छळलं, थंडीत ठेवलं, शस्त्रक्रिया केली, विषारी औषधं टोचली, तरी आत दिसतं ते एकच: अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, थायमस आक्रसलेली, जठरात व्रण. छळाच्या त्या यादीत एक गोष्ट होती जी आजच्या जिमवाल्यांना आवडणार नाही. अतिरेकी स्नायुश्रम. म्हणजे व्यायाम हाच एक ताण आहे, हे या विषयाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलेलं आहे.

मग एका ताणाची सवय दुसऱ्या ताणाला कशी कामी येते? मुरमावर पळून कमावलेलं, मुलाखतीच्या खुर्चीत उपयोगाला येतं का?

हे मोजायचं तर आधी प्रयोगशाळेत खात्रीनं ताण देता यायला हवा. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये त्याची कृती छापली. साधी आहे आणि दुष्ट आहे. नोकरीच्या मुलाखतीसारखं पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं. समोर परीक्षक बसलेले, चेहऱ्यावर रेषही न हलवणारे. मग पाच मिनिटं तोंडी गणित: १०२२ मधून १३ वजा करत जायचं. चुकलात की "पुन्हा १०२२ पासून". अधूनमधून लाळ गोळा करून त्यातलं कॉर्टिसॉल मोजायचं. कोणाला मारत नाहीत, टोचत नाहीत, तरी बहुतेकांचं कॉर्टिसॉल दुपटीच्या पुढे जातं.

मी हे घरी करून बघितलं. परीक्षक म्हणून बायको आणि शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक. बायकोला दुसऱ्याच मिनिटाला हसू फुटलं. मुख्याध्यापकांना दगडी चेहऱ्याचा पस्तीस वर्षांचा सराव, ते हलले नाहीत. १००९, ९९६, ९८३, ९७०, ९५७... बोटातला आकडा ७८ वरून ११२ वर गेलेला मला दिसत होता, आणि तो दिसतोय म्हणून आणखी वाढत होता. मी ९४३ म्हणालो. "चूक. पुन्हा १०२२ पासून." ज्यांच्याकडून मी रोज संध्याकाळी पेपर मागून आणतो त्या माणसाच्या त्या एका वाक्यानं माझे कान गरम झाले. सगळं आटोपून चहा झाल्यावरही, दहा मिनिटांनी, आकडा ९६. मी खुर्चीतून उठलो नव्हतो. गाडी जागेवर उभी, इंजिन मात्र घाटात असल्यासारखं गुरगुरत होतं.

हाच प्रयोग झुरिकच्या संशोधकांनी कमावलेल्या आणि न कमावलेल्या पुरुषांवर केला. २००७ मध्ये उलरिके रिमेले आणि सहकाऱ्यांनी २२ कसलेले खेळाडू आणि २२ व्यायाम न करणारे पुरुष या परीक्षकांसमोर उभे केले. खेळाडूंच्या हृदयाचे ठोके कमी चढले, कॉर्टिसॉलही कमी चढलं. जाहिरातवाले इथंच थांबतात. त्याच गटानं २००९ मध्ये अव्वल खेळाडू, हौशी खेळाडू आणि व्यायाम न करणारे असे तीन गट घेतले. हौशी लोकांचे ठोके कमी चढले, पण कॉर्टिसॉलमध्ये फरक नाही. तो फक्त अव्वल खेळाडूंत दिसला. सोसायटीच्या जिमची वर्षाची फी भरून शांतचित्त होण्याची वाट बघणाऱ्यांनी हा दुसरा निबंध आवर्जून वाचावा.

आणि मग २००६ ची ती गंमत. त्या एका वर्षात या विषयावरच्या जुन्या प्रयोगांची एकत्रित छाननी करणारे दोन वेगवेगळे निबंध आले. एक म्हणतो, तंदुरुस्त माणसाचे ठोके आणि रक्तदाब ताणाखाली कमी चढतात. दुसरा, ७३ प्रयोग तपासणारा, म्हणतो की उलट किंचित जास्तच चढतात. भांडण चढाबद्दल आहे. उताराबद्दल मात्र दोघांचा कल एकच: तंदुरुस्त शरीर ताण संपल्यावर लवकर खाली येतं.

हे वाचताना मला ती मुलगी आठवली. १८१ ला ती माझ्यापेक्षा कितीतरी वर होती. फरक पुढच्या मिनिटात होता. तिचे ४३ ठोके उतरले, माझे ९.

त्या एका मिनिटाला वैद्यकात खरोखर मान आहे. क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २,४२८ जणांना ट्रेडमिलवर चालवून पुढे सहा वर्षं त्यांचा माग ठेवला. थांबल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण लक्षणीय जास्त निघालं. निबंध १९९९ चा. माझे ९ आहेत हे लक्षात आल्यावर मी तो दोनदा वाचला. माझी फरफटती फेरी म्हणजे दवाखान्यातली चाचणी नव्हे आणि औषधाच्या दुकानातला चिमटा म्हणजे ईसीजी नव्हे, अशी स्वतःची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं डॉक्टरांची वेळ घेतली.

हा उतार घडवणारी दोरी म्हणजे व्हेगस हा मज्जातंतू. हृदयाला बाहेरून कोणी काही सांगितलंच नाही तर ते आपल्या मनानं मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. आपली नाडी बसल्या जागी सत्तरच्या आसपास असते, कारण व्हेगस सतत लगाम ओढून असतो. हृदय बदललेल्या रुग्णांत हा मज्जातंतू तुटलेला असतो. त्यांची नाडी शांत बसूनही शंभरीजवळ राहते आणि पळून थांबल्यावर सावकाश उतरते. ताण आला की आधी लगाम सैल होतो, मग चाबूक बसतो. ताण गेल्यावर लगाम किती चटकन हातात येतो, तो उतार. नियमित दमश्वासाच्या व्यायामानं हा लगाम मजबूत होतो. भरतीच्या सरांना व्हेगस ठाऊक नाही, पण पोरं राउंड मारून आली की ते छाती बघत नाहीत, घड्याळ बघतात. "किती वेळात बोलाय लागला?" हा त्यांचा प्रश्न. धाप थांबून एक आख्खं वाक्य बोलता येईपर्यंतचा वेळ ते वहीत मांडतात.

इथवर आलो तरी एक खुसपट मनात होतंच. ज्यांचं शरीर मुळातच ताण नीट पेलतं, तेच लोक खेळाकडे वळत असतील तर? ही शंका ज्यानं सगळ्यांत सुंदर रीतीनं तपासली तो माणूस म्हणजे लंडनचा जेरी मॉरिस, आणि त्याची प्रयोगशाळा म्हणजे दुमजली बस.

मुंबईत वाढलेल्याला ती बस समजावून सांगावी लागत नाही. आमचे मामा बेस्टमध्ये कंडक्टर होते. पंचची टिकटिक आधी वरच्या मजल्यावरून ऐकू यायची, मग जिन्यावरून, मग आपल्या डोक्यामागे. रजेच्या दिवशीही त्यांचा अंगठा चहाच्या कपाच्या कानावर तशीच टिकटिक करायचा. ड्रायव्हर त्यांचा जोडीदार. तोच रस्ता, तीच शिफ्ट, पण आठ तास खुर्चीत. डिझेलची शेवटची दुमजली बस मुंबईच्या रस्त्यावरून सप्टेंबर २०२३ मध्ये गेली तेव्हा मामा नव्हते, नाहीतर निरोपाला नक्की गेले असते.

मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या बस, ट्राम आणि ट्रॉलीबसवरच्या सुमारे ३१,००० पुरुष कामगारांची नोंद घेतली. कंडक्टर दिवसाला साधारण ५०० ते ७५० पायऱ्या चढायचे. १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. ड्रायव्हरला रहदारीचा ताण असतो, त्यानं होत असेल, अशी शंका येणारच होती. म्हणून मॉरिसनी पत्रं वाटणारे पोस्टमन आणि टेबलावर बसणारे पोस्टाचे कारकून ताडून बघितले. तिथंही चालणारेच बरे निघाले.

खरी मजा पुढे आहे. १९५६ मध्ये याच मंडळींनी गणवेश शिवणाऱ्यांच्या वह्या काढल्या आणि पँटींच्या कमरेची मापं मांडली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या. पण त्या नोकरीला लागतानाच मोठ्या होत्या! म्हणजे जिन्यानं कंडक्टरला बारीक ठेवलं हे अर्धंच खरं. बारीक माणूस मुळात जिन्याकडे गेला होता. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला स्वतःच शिंप्याच्या टेपनं मापणारा हा माणूस मला फार आवडतो. त्यांचं निधन २००९ मध्ये झालं, वयाच्या ९९ व्या वर्षी. पायऱ्यांची बाजू त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

या खुसपटाला उत्तर एकच. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना व्यायामाला लावायचं आणि अर्ध्यांना नाही, मग ताण देऊन बघायचं. जर्मनीत कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठात व्यायाम न करणाऱ्या विद्यार्थ्यांवर हे केलं. एका गटाला २० आठवडे पळायला लावलं, आणि ताण कृत्रिम न देता परीक्षेच्या दिवसांत छातीला यंत्र बांधून घरी-कॉलेजात फिरू दिलं. पळणाऱ्यांच्या हृदयानं परीक्षेचा ताण जरा सौम्यपणे घेतला. जरा. डोंगराएवढा फरक पडला नाही, पण पडला तो पळण्यामुळेच, जन्मजात स्वभावामुळे नाही.

आतल्या यंत्रणेबद्दल अलीकडे जे कळलंय त्यातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात घर करून बसल्या. प्रिन्स्टनमध्ये २०१३ साली सहा आठवडे चाकावर पळवलेल्या उंदरांना थंड पाण्यात टाकलं. पळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसच्या ज्या भागाचा भीतीशी संबंध आहे, तिथं नव्या पेशी भरपूर उगवलेल्या होत्या. नव्या पेशी चटकन पेटणाऱ्या असतात, म्हणजे हे उंदीर जास्त भित्रे असायला हवेत. पण पेटलेल्या पेशींना आवरणारी रसायनंही त्याच भागात जास्त सुटत होती. दुसरी गोष्ट स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतली, २०१४ ची. ताणात शरीरात किन्युरेनिन नावाचं द्रव्य वाढतं, ते मेंदूत शिरतं आणि उदासीशी त्याचा संबंध आहे. कमावलेला स्नायू त्याचं अशा रूपात रूपांतर करतो की ते मेंदूच्या दारातून आत जाऊच शकत नाही. मांडीचा स्नायू यकृताचं काम करतो, म्हणा ना. आमच्या पीटीच्या सरांनी बैठका काढून घेताना हे सांगितलं असतं तर मी कदाचित दहा जास्त काढल्या असत्या.

भरती जवळ आली तसा मी पुन्हा त्या ग्राउंडवर गेलो. चित्र बदललं होतं. पोरं आता दोन वेळ पळत होती, दुपारी अभ्यासिकेत बसत होती, रात्री एकपर्यंत सामान्य ज्ञानाच्या टिपणांवर झोपत होती. एक मुलगा महिनाभर टायमिंग उतरत नाही म्हणून रोज आणखी एक राउंड वाढवत होता. सरांनी त्याची अंथरुणातली नाडी विचारली. उठल्या उठल्या आधी ५८ असायची, आता ७० च्या पुढे. सरांनी त्याला चार दिवस घरी पाठवलं. तो रडला. चार दिवस बसलो तर सगळं जाईल अशी त्याची खात्री होती. सेल्येंच्या पानावरचे अतिरेकी स्नायुश्रम त्या अंधारात माझ्यापासून दहा फुटांवर बुटांच्या नाड्या सोडत बसले होते.

पाचव्या दिवशी तो आला तेव्हा त्याचं टायमिंग सहा सेकंदांनी उतरलं होतं.

उतार शिकण्याची गोष्ट मुंबईच्या केईएम रुग्णालयात पूर्वीच झाली आहे, याचीही इथं आठवण काढायला हवी. डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना रोज शवासन करायला लावलं आणि अनेकांचा रक्तदाब किंवा औषधांची मात्रा उतरल्याचं १९६९ मध्ये परदेशी वैद्यकीय नियतकालिकात छापलं. चढाची मेहनत आपण तालमीत शिकवतो, उताराची सतरंजीवर. दोन्ही एकाच वेळापत्रकात क्वचितच येतात.

आणि ज्यांना वेळापत्रकच नाही त्यांचं काय? हा प्रश्न मला त्या मुलीच्या घरी जाईपर्यंत पडला नव्हता. तिची आई रोज भांगलणीला जाते, येताना डोक्यावर वैरणीचा भारा आणते, मग दोन म्हशी, मग स्वयंपाक. कष्टानं शरीर कमावलं जात असेल तर या बाईपुढे कुठलाही खेळाडू फिका पडला पाहिजे. डेन्मार्कमधल्या आंद्रेआस होल्टरमान आणि सहकाऱ्यांनी हेच कोडं कोपनहेगनच्या १,०४,०४६ लोकांच्या नोंदींत तपासलं. २०२१ चा निष्कर्ष विचित्र आहे. फावल्या वेळात शरीर जितकं दमवाल तितका हृदयविकार आणि मृत्यू कमी; कामावर जितकं दमवाल तितका जास्त. उत्पन्न, शिक्षण, धूम्रपान सगळं हिशेबात धरूनही. त्यांचं म्हणणं, कामाचे कष्ट तासन् तास चालतात आणि मध्ये सावरायला फुरसत देत नाहीत. लंडनचा कंडक्टर जिना चढून वर गेला की दोन स्टॉप तसाच उभा राहू शकत असे. मामाही वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीशी जरा टेकत. त्यांना जिना लाभला तो त्या टेकण्यामुळे, असं मला आता वाटतं. हे माझं अनुमान. कुठल्या निबंधात ते नाही.

मुलीचं ग्राउंड चांगलं निघालं होतं, लेखी दोन आठवड्यांवर होती. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. मी विचारलं, भीती वाटते का? "वाटती की. पेपर हातात आला की स्टार्टला उभं राहिल्यासारखंच धडधडतं," ती म्हणाली. "पण दोन-तीन प्रश्न झाले की बसतं खाली. आधीच्या भरतीला शेवटपर्यंत बसलंच नव्हतं."

संध्याकाळी तिची आई शेतातून आली. भारा गोठ्यापाशी टाकला आणि ओसरीच्या कडेला टेकली. मुलीनं माझ्याकडून ऑक्सिमीटर मागून घेतला, आईच्या बोटाची माती पदरानं पुसली आणि चिमटा लावला.

"ह्ये काय आनलंसा दादा, साखर बगायचं?"

"नाही ताई, नाडी."

११८. मुलगी घड्याळाकडे बघत आपल्या सरांसारखी म्हणाली, "आई, बोलू नको, मिनिटभर गप बस नुसती." ११७. ११४. ११५. आतून दूध करपल्याचा वास आला. आईनं चिमटा काढून माझ्या हातात दिला आणि उठली. घड्याळात पस्तीस सेकंद झाले होते.